कोकोची टरफलं

क्षितिजा धैर्यवानच्या घरी ओव्हन आला तो तिच्या आईच्या हट्टापायी. आई जुन्या प्रभू घराण्यातली, खाण्या-खिलवण्याची भारी हौस असलेली बाई. कोळंबीचं भानोलं, तिखट केकसारखा प्रकार, ती वरखाली निखारे ठेवून भाजायची. पुढे पुढे म्हणायला लागली, "हात पोळून घ्यायचं माझं वय गेलं. आता ती विजेची पेटी आण बाई." पेटी आली, आईने तिच्यात जेमतेम दोन वर्षं भानोलं केलं आणि ती गेली. मग त्या पेटीत ब्राउनी भाजल्या जाऊ लागल्या.

क्षितिजाने लग्न केलं नव्हतं. फोर्टातल्या विमा कंपनीची नोकरी तिने पन्नाशी उलटताच सोडली आणि ब्राउनी, अक्रोडाचे फज, दिवाळीत चॉकलेटच्या वड्या असं करून द्यायला लागली. गिरगावातल्या त्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून लोण्याचा आणि कोकोचा वास जिन्यात उतरला की शेजारी ओळखायचे, आज कुणाचं तरी बारसं नाहीतर वाढदिवस आहे.

तिचा दुसरा नाद गच्चीचा. कुंड्यांत तुळस आणि मोगरा लावून समाधान मानणाऱ्यांतली ती नव्हती. फळांच्या जुन्या क्रेटमध्ये टोमॅटो, बाटल्यांना वाती लावून पाणी पाजलेली मेथी, मातीऐवजी नारळाचा भुसा. जे ऐकेल ते करून बघायची. दादरला मनवा नावाची एक मुलगी गच्चीवरच्या बागेचे वर्ग घ्यायची, तिथे क्षितिजा नेमाने जात असे. त्या उन्हाळ्यात वर्गात आच्छादनाचा विषय निघाला. मातीवर पालापाचोळ्याचा किंवा टरफलांचा थर दिला की ओल टिकते, मुळं तापत नाहीत. क्षितिजाच्या डोक्यात लगेच चक्र सुरू झालं. ती ज्यांच्याकडून चॉकलेट घ्यायची तो लोअर परळचा छोटासा कारखाना कोकोच्या बिया भाजून सोलत असे आणि टरफलं पोत्यांनी टाकून देत असे. तिने विचारलं, त्यांनी आनंदाने दोन पोती दिली. शनिवारी तिने सगळ्या क्रेटमध्ये टरफलांचा चांगला जाड थर पसरला. ऊन तापलं तशी अख्खी गच्ची चॉकलेटसारखी घमघमायला लागली. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

खालच्या मजल्यावर अच्युतकाका तळपदे राहायचे. ऐंशीला टेकलेले, एकटे. एकटे म्हणजे ते आणि सुंठ्या. सुंठ्या हा सुंठीच्या रंगाचा गावठी कुत्रा, सुमतीकाकूंनी चर्नी रोड स्टेशनाबाहेरून पदरात घालून आणलेला. काकू गेल्यापासून काका त्याच्याशी सगळं बोलत. आजचं वरण कसं झालं, पेन्शनीचं काय झालं, सगळं. काकांचे गुडघे गेले तेव्हापासून सुंठ्याला संध्याकाळी गच्चीवर नेण्याचं काम क्षितिजाने आपणहून घेतलं होतं. ती झाडांना पाणी घालायची, तो टाकीच्या सावलीत लोळायचा.

त्या शनिवारी मात्र तो लोळला नाही. एका क्रेटमध्ये तोंड खुपसून मचमच खात राहिला. क्षितिजाने बघितलं आणि ती हसली. "काय रे खादाडा, झाडाचा पाला खातोस? घरी वरणभात मिळत नाही का?" असं म्हणून तिने त्याच्या पाठीवर थापटलं आणि पुन्हा पाण्याच्या पाइपाकडे वळली. तो बराच वेळ खात होता.

रविवारी सकाळी काकांची हाक आली. सुंठ्या थरथरत होता, ओकत होता, छाती नुसती धडधडत होती. दोघांनी त्याला चादरीत गुंडाळलं आणि टॅक्सी करून ऑपेरा हाऊसजवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तपासता तपासता विचारलं, "काही विषारी पोटात गेलंय का? उंदराचं औषध? चॉकलेट?"

"छे हो," क्षितिजा पटकन म्हणाली. "चॉकलेटचं काम मी करते, पण त्याला तुकडासुद्धा देत नाही. कुत्र्याला चालत नाही, माहितीये मला."

"ती फार जपते त्याला," काकांनी मान डोलावली.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, सुंठ्याला ठेवून घेतलं आणि संध्याकाळी फोन करतो म्हणाले.

घरी येऊन क्षितिजाने ओव्हन लावला. संध्याकाळच्या एका बारशाची ऑर्डर होती. ट्रे आत सरकवला आणि मनवाचा फोन आला. काहीतरी वर्गाच्या वेळेबद्दल होतं. बोलता बोलता क्षितिजाने मोठ्या उत्साहाने टरफलांची गोष्ट सांगितली.

"अरे वा," मनवा म्हणाली. "पण ताई, तुमच्या गच्चीवर कुत्रा-बित्रा येत नाही ना? त्या टरफलांत चॉकलेटचंच विष असतं, उलट जास्तच. वासाने कुत्री खातात. मी वर्गात सांगितलं होतं सगळ्यांना. हां, तुम्ही त्या दिवशी लवकर गेलात."

क्षितिजाने फोन ठेवला. काय करायचं ते तिला लख्ख कळत होतं. एक मजला उतरायचं, काकांकडून डॉक्टरांचा नंबर घ्यायचा आणि सांगायचं. दोन वाक्यं. पण सकाळीच तर आपण ठणकावून नाही म्हणालो. काकांसमोर. ते काय म्हणतील? आणि सलाईन चालूच आहे की, डॉक्टर त्यांचं करताहेतच. एवढा ट्रे निघू दे. ट्रे निघाला. गरम ब्राउनी कापता येत नाही, म्हणून ती निवेपर्यंत थांबली. मग कापल्या, डब्यात भरल्या. न्यायला माणूस आला, त्याच्या हाती डबे दिले. मग मात्र तिने पायात चपला सरकवल्या आणि खाली गेली.

काकांचं दार उघडंच होतं. ते फोनशेजारच्या खुर्चीत बसले होते, हातात चष्मा.

"गेला गं," ते म्हणाले. "आत्ताच फोन आला."

ओठांवर आलेलं वाक्य तिने गिळलं. काकांच्या पायाशी बसून ती रडली, आणि काकांनीच तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

एवढ्यावरच थांबलं असतं तर कदाचित तिने ते आयुष्यभर पोटात ठेवलं असतं. पण दुसऱ्या दिवशी जिन्यात वेगळंच उभं राहिलं. इमारतीचा सेक्रेटरी देवदत्त म्हणाला, उंदरांचा त्रास वाढला म्हणून जिना झाडणाऱ्या मालनला त्यानेच गेल्या आठवड्यात औषध टाकायला सांगितलं होतं. झालं. काकांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. मालन झाडू घेऊन वर आली तेव्हा आयुष्यात कधी आवाज न चढवलेला तो म्हातारा कठडा धरून ओरडला, "विखारी बाई! मुक्या जनावराचा जीव घेतलास तू!"

"आईशप्पत काका, मी औषध फक्त खाली मीटरच्या खोलीत ठेवलंय," मालन म्हणाली. "गच्चीवर मी गेलेच नाही."

"मग कोण गेलं गच्चीवर?"

दारादारांतून माणसं उभी होती. क्षितिजाही होती, हातात बादली घेऊन. गच्चीवरची टरफलं गोळा करून ती नुकतीच खाली येत होती. दुसऱ्या कुठल्या जनावराने खाऊ नयेत म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. मालनने सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं, झाडू भिंतीला टेकवला आणि जिना उतरून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. देवदत्तने नवीन बाई बघितली.

क्षितिजाला कोकोचा वास सोसेनासा झाला. डबा उघडला की लगेच ती झाकण लावून टाकायची. गिऱ्हाइकांना ती ओव्हन बिघडलाय म्हणून सांगू लागली. गच्चीवर जायची ती पाणी घालण्यापुरती. टाकीच्या सावलीकडे बघायचं टाळायची. सगळ्यात कठीण गेला तो काकांचा मायाळूपणा. ते तिला आवर्जून हाक मारत, चहाला बसवत, म्हणत, "त्याचं म्हातारपण तुझ्यामुळे सुखात गेलं." स्वतःशी ती रोज ठरवायची, आज सांगू. आणि रोज काहीतरी निमित्त निघायचं. आज त्यांचं बीपी वाढलंय, आज त्यांचा गुरुवार आहे.

मग एक दिवस काका गुडघ्यांना न जुमानता, कठड्याचा आधार घेत गच्चीवर आले. हातात कागदात गुंडाळलेलं सोनचाफ्याचं रोप.

"दादरच्या बाजारातून मागवलं," ते धापा टाकत म्हणाले. "त्याच्या नावाने लाव. तुझ्या हाताने लागलं तर जगेल."

क्षितिजाने रोप घेतलं नाही. हात पुढे केला तो तसाच मागे घेतला.

"काका, मालनने काही केलेलं नाही," ती म्हणाली. "माझ्यामुळे गेला तो." आणि तिने सांगितलं. टरफलं, शनिवारची संध्याकाळ, आपण हसलो ते, मनवाचा फोन. इथे ती अडखळली, पण पुढचंही सांगितलं. ट्रे ओव्हनमध्ये होता, आणि तो निघेपर्यंत ती थांबली.

काका टाकीच्या कट्ट्यावर बसले. रोप मांडीवर. बराच वेळ ते कागदाच्या कडा चाचपत राहिले.

"किती वेळ थांबलीस?"

"दुपारभर."

"तू सांगितलं असतंस तर वाचला असता?"

"डॉक्टरांना विचारून आले मी. ते म्हणाले, सांगता येत नाही. वय झालं होतं, पण कारण कळलं असतं तर औषध वेगळं दिलं असतं."

काकांनी डोळे पुसले नाहीत. "मालनला सांगितलंस?"

"नाही अजून."

"आधी तिच्याकडे जायला हवं होतंस," ते म्हणाले, आणि रोप घेऊन, एकेक पायरी बसत-उठत खाली गेले. ती आधार द्यायला पुढे झाली तेव्हा त्यांनी हातानेच नको म्हटलं.

मालन अँटॉप हिलला राहायची. क्षितिजा तिथे कधी गेली नव्हती. विचारत विचारत घर सापडलं. मालन दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने क्षितिजाला बघितलं, पण आत बोलावलं नाही.

"मालनबाई, तुम्हाला काहीतरी सांगायचंय," क्षितिजा म्हणाली. इतकी वर्षं 'तू' म्हणत आलेल्या तोंडून 'तुम्ही' निघालं.

"तुम्ही-बिम्ही नको ताई. काय ते बोला."

क्षितिजा उभ्या उभ्या बोलली. मालन ऐकता ऐकता खडे वेचतच होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं.

"त्या दिवशी जिन्यात मी सगळ्यांकडे बघितलं, आठवतंय? तुमच्याकडे सगळ्यात शेवटी बघितलं. मला वाटलं, क्षितिजाताई तरी बोलतील, मालन तशी नाही म्हणून. आणि तुम्ही बादलीत बघत होता."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कुत्र्याचं चुकून झालं," मालन म्हणाली. "माझं काय चुकून झालं?"

काय करू, एवढंच क्षितिजाने विचारलं.

"मला जिन्यात विखारी म्हटलं. जिन्यातच सांगा. मी येते ऐकायला."

रविवारी मालन आली. हिरवी, कडक इस्त्रीची साडी नेसून आली, झाडू धरायला आलेली नव्हती ती. देवदत्तने सगळ्यांना दारात बोलावलं. क्षितिजाने तिसऱ्या मजल्याच्या वळणावर उभं राहून सांगितलं, आवाज खाली न घेता, आणि ट्रेची गोष्टही वगळली नाही. अच्युतकाकांनी मालनपुढे हात जोडले. "चुकलो मी."

"तुमचं माणूस गेल्यासारखं झालं होतं काका," मालन म्हणाली. "तुमचं समजू शकते मी."

देवदत्त घाईघाईने म्हणाला, उद्यापासून ये परत. मालनने मान हलवली. "लोअर परळला काम धरलंय. बरी माणसं आहेत." आणि ती निघाली. क्षितिजाच्या बाजूने गेली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

इमारतीत लोक बोलायचे ते बोलले. काहींनी ब्राउनी मागवणं सोडलं, काही मुद्दाम धीर द्यायला आले. धीर देणाऱ्यांचंच तिला जास्त जड गेलं. गच्चीवर आता ती फक्त वाळला पाला पसरते. ब्राउनी पुन्हा करायला लागली, पण ऑर्डर घेताना विचारते, घरात कुत्रा आहे का, आणि हो म्हटलं तर फोनवर इतकं बजावते की लोक वैतागतात. अच्युतकाका जिन्यात भेटले तर मान किंचित हलवून पुढे जात. सोनचाफा त्यांनी स्वतःच्या खिडकीत लावला होता. पावसाळा संपला, नवरात्र गेलं, त्यांची हाक आली नाही. तिनेही ती मागितली नाही.

दिवाळीनंतर काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सोबतीला आलेली त्यांची पुतणी अनुजा काही दिवस राहून परत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी क्षितिजाची बेल वाजली. दारात काका, काळा चष्मा लावलेले, एका हाताने भिंत धरलेली.

"थेंब घालायचेत," ते म्हणाले. "मला जमत नाही. गालावरच पडतात."

तिने त्यांना खुर्चीत बसवलं, मान मागे टेकवली, पापणी हलकेच ओढली. थेंब पडला, लगेच दुसराही पडला.

"एकच सांगितलाय," काका म्हणाले. "दोन पडले."

"हो."

"हं." त्यांनी डोळा मिटून घेतला. "संध्याकाळी परत घालायचाय. तेव्हा तू खाली ये. मला जिना होत नाही."