बिनविरोध आप्पा

आप्पांचा हात खांद्यावर पडला की तो उचलेपर्यंत माणसाचा उमेदवारी अर्ज मागे घेतलेला असे. वडूजकडच्या आमच्या गावात त्यामुळे वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीचं मतदानच झालं नव्हतं. गाव त्यांना ‘बिनविरोध आप्पा’ म्हणे, आणि कराडचे एक साहेब जीप पाठवून त्यांना सल्ल्याला नेत. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. त्यांच्याच घरी भाड्याने राहायचो, म्हणून ही विद्या जवळून पाहायला मिळाली.

“गुरुजी, लोकशाही लय चांगली हाय,” ते पान जुळवत म्हणत, “फकस्त तिच्यात लोकास्नी आणू नये. भांडणं हुत्यात.”

एकदा दोन साडू एकाच जागेसाठी समोरासमोर आले. आप्पांनी दोघांना वेगवेगळं गाठून एकच सांगितलं, “त्यो तुला भ्यालाय रं. मोठ्या मनाच्या माणसानंच माघार घ्यायची असती.” दोघांचीही मनं एकाच दुपारी मोठी झाली. चावडीवर दोघांना हार पडले आणि निवडून आला साहेबांचा तिसराच माणूस. तो पुढे प्रत्येक सभेत मुकाट बसून राही. आप्पा त्याला ‘संयमी नेतृत्व’ म्हणत.

एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपास आमच्या आळीतून पारूबाईने अर्ज भरला. नवरा फौजेत, घरी सासू आणि दोन लेकरं. पंचायतीचा नळ पुढाऱ्यांच्या आळीत येऊन थांबला होता आणि आमच्या आळीतल्या बायका ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या.

आप्पा समजूत घालायला निघाले, मलाही बरोबर घेतलं. पण बाईच्या खांद्यावर हात ठेवता येईना, आणि हात मोकळा राहिल्यावर त्यांना शब्दही सुचेनात.

“सूनबाई, मन मोठं करा,” ते कसंबसं म्हणाले.

“आवं आप्पा, मन मोठंच हाय. हीर लांब हाय.”

“मालकाला इचारलंय का?”

“ते तिकडं सीमेवर हायत,” पारूबाई घागर उचलत म्हणाली. “त्यास्नीबी माघार घ्या म्हणून कळवू का?”

आप्पा मोकळ्या हाताने परतले.

मतदान झालं. जत्रेला नेसावं तसं नवं लुगडं नेसून म्हाताऱ्या शाळेत आल्या. रांगेत आप्पा माझ्या पुढे होते. आत जाण्याआधी मागे वळून हळूच म्हणाले, “गुरुजी, शिक्का नेमका कुठं मारायचा असतोय?” उभ्या तालुक्याला डावपेच शिकवणारा माणूस! मी तळहातावर बोटाने दाखवलं. ते बराच वेळ आत होते.

पारूबाई निवडून आली. पहिल्याच सभेत तिने नळाचा विषय काढला आणि संयमी नेतृत्वाला प्रथमच घाम फुटला. साहेबांची जीप आमच्या दारी यायची बंद झाली. वाटेत भेटले, तर साहेब काच वर करून घेत. दुपारी मोटारीचा आवाज आला की आप्पा ओट्यावर येऊन उभे राहत.

वर्षभराने लेकीने त्यांना सांगलीला नेलं. मी एस.टी.पर्यंत पोचवायला गेलो. गाडीत बसल्यावर न राहवून विचारलं, “आप्पा, त्या दिवशी मत कुणाला दिलंत?”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. वाटलं, आता सांगणार.

“न्हाई गुरुजी,” ते म्हणाले. “जलमभर दुसऱ्यांची मतं म्याच ठरवली. ह्ये एक माझं हाय. ऱ्हाऊ द्या.”

गाडी सुटली. आख्ख्या गावाचं मत परस्पर सांगणारे आप्पा स्वतःचं मत मात्र सांगलीला घेऊन गेले.