पाजणीतली माझी जागा

डॉक्टरांनी माझ्याच पंच्याने माझे डोळे बांधले आणि बोटांवरच्या पांढऱ्या डागात टाचणी टोचली. मी ओरडलो. "लागलं?" त्यांनी विचारलं. लागलं म्हणताच ते म्हणाले, "मग हा महारोग नव्हे. हा ल्युकोडर्मा."

ल्युकोडर्मा म्हणजे कोड. कातडीचा रंग जातो, स्पर्श जात नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. बावचीचं तेल लावून बघ, पण खात्री देत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बेळगावच्या त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडलो. महारोग म्हणतील या भीतीने मी दोन महिने इथे यायचं टाळत होतो.

सुरुवात माझ्याच चुकीने झाली. आम्ही वडगावचे विणकर. हाताला खळ वाळलेली असणं आम्हाला रोजचंच. पहिला डाग मी खळच समजलो आणि नारळाच्या काथ्याने घासत राहिलो, कातडं सोलवटेपर्यंत.

माझ्या शेजारच्या मागावर शिवाण्णा बसायचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. ते म्हणायचे, "काय रं दत्तू, बायको आंघोळीला पाणी देत न्हाय व्हय?" सगळे हसायचे, मीही हसायचो. पुढे ओठाशी डाग आला, तेव्हा म्हणाले, "मांजरानं दूध प्यालं बघा!" त्याही दिवशी मी हसलो. हसलो नाही तर खरं ठरेल, असं वाटायचं.

मग माझा पाण्याचा तांब्या वेगळा झाला. आणि एका पाजणीला शिवाण्णांनी मला हात करून थांबवलं. पाजणी म्हणजे पहाटे गल्लीत ताणा, म्हणजे मागावरचे उभे दोरे, पसरून त्याला खळ लावायची. दोघं दोन्ही बाजूंनी कुंचा मारत जातात, बाकीचे तुटलेले दोरे सांधतात. सांधायला माझ्यासारखी बोटं गल्लीत नव्हती. "तू लांबच ऱ्हा," ते म्हणाले. "दोरा तुटला तर नुसतं सांग."

पाजणीत ज्याला हात लावू देत नाहीत, त्याच्या पाजणीलाही कोणी येत नाही, आणि एकट्याने पाजणी होत नाही. माझा माग बंद पडणार हे मला दिसत होतं. तरी दवाखान्यात जायला पाय उचलेनात. शेवटी बायको म्हणाली, "खरं असंल तर असू दे, कळू दे तरी."

बेळगावहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पाजणीत मी डॉक्टरांचं बोलणं सगळ्यांना सांगितलं. शिवाण्णा कुंचा मारता मारता म्हणाले, "डॉक्टर आमच्या पोरींची लग्नं जमवाय येणार हाय का?"

माझा संताप झाला. मी सरळ ताण्याशी गेलो आणि तुटलेला दोरा सांधला. शिवाण्णांनी कुंचा खाली ठेवला. पण ऊन चढत होतं, खळ वाळली की दोरे एकमेकांना चिकटतात आणि सगळा ताणा वाया जातो. ज्याचा ताणा होता तो ओरडला, "हात चालवा की!" शिवाण्णांनी कुंचा उचलला. मी पुढचा दोरा सांधला. माझ्या शेजारी दोरे सांधणारा मात्र दोन पावलं सरकून उभा राहिला, आणि पुढे कितीतरी पाजण्या तसाच सरकत राहिला. बावचीचं तेल वर्षभर लावलं. उन्हात फोड आले, डाग तसेच राहिले.

एका दुपारी शिवाण्णा आमच्या परसात आले. बरोबर त्यांची थोरली लेक, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली. त्यांनी तिचा पदर मानेवरून थोडा बाजूला केला. चिंचोक्याएवढा पांढरा डाग होता.

"दत्तू, त्यो दवाखाना कुठं हाय रं? कोणला सांगू नगो."

कुणी म्हणेल, केलेलं फेडावं लागतं. मी तसं म्हणणार नाही. कोड कुणाच्या बोलण्याने होत नाही, आणि त्या पोरीने तर मला कधी एका शब्दानेही दुखावलं नव्हतं. मी त्यांना बेळगावला घेऊन गेलो. आजवर कोणाला सांगितलं नाही, इथेही नावं बदलून लिहितो आहे.

हे वाचणाऱ्यांत कोणी डागाला भिऊन घरात बसलं असेल, तर त्याने लवकर दाखवून घ्यावं. लोकांचं तोंड डॉक्टरांना बंद करता येत नाही, पण आपल्या मनातली भीती जाते. माझी गेली, त्या डॉक्टरांचे उपकार आहेत.

एक गोष्ट मात्र राहिली. त्या पोरीच्या मानेवरचा डाग पाहिला, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं. माझ्या डागांची मला आता लाज वाटत नाही. त्या क्षणाची वाटते.