नारळपाण्याचा पेला

इथे उत्तरेत, मानक नगरात, आमच्या समोर राहणाऱ्या काकू मूळच्या साताऱ्याच्या. काकांची किडनी अधू झाल्यापासून त्या बटाटेसुद्धा भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी ओतून देऊन मगच भाजी करतात. गप्पांमध्ये मध्येच थांबून विचारतात, "पालकात पोटॅशियम जास्त असतं ना गं?"

परवा मी त्यांच्याकडेच होते. काकांच्या जुन्या मित्राने नारळपाणी आणलं. काकांनी पेला ओठांना लावताच काकूंनी तो हिसकावला; अर्धं पाणी काकांच्या सदऱ्यावर सांडलं.

"भाभीजी, ये तो सेहत के लिए अच्छा है!"

"इसमें बहुत पोटैशियम है, इनका दिल रुक सकता है, भैया."

पाहुणे ओशाळून लवकरच निघाले. काकूंनी दार लावलं, काकांच्या ओल्या सदऱ्यावर कान टेकवला आणि माझ्यादेखत बराच वेळ त्यांचे ठोके ऐकत राहिल्या.