अख्ख्या पराची मासोळी

कापूस पिकेनासा झाला त्या वर्षांत अकोटजवळच्या धरणात मासे सोडायची टूम निघाली. मी तिथल्या मत्स्यबीज केंद्रात होतो. हौदात वाढवलेली पिल्लं नदीच्या मूळ मासोळीचा चारा फस्त करतील, अशी धास्ती होती. म्हणून प्रत्येक पिल्लाचा पोटाखालचा एक पर कापूनच आम्ही ते सोडायचो. कापलेला पर दिसला तर खा, अख्खा दिसला तर नदीची मासोळी समजून पाण्यात सोडा, असं भोयांना सांगत गावोगाव फिरलो.

हंगामात बाजारात गेलो, तर बाया टोपलीतली मासोळी उलटी करून पोट बघत होत्या. मासे विकणारे चाचा खूश होते.

"साहेब, लई चांगलं केलं तुमी. पहिले कोनाले ओळखू येत नव्हतं. आता गिऱ्हाईक म्हन्ते, हौदाची नको, नदीची दे."

अरे, नदीची तर सोडायची होती, असं मी तिथेच ओरडलो. कोणी मानही वर केली नाही.

पुढे नदीची मासोळी संपली, तेव्हा आम्ही पर कापणं सोडलं. आता हौदाची मासोळीही अख्ख्या पराची असते. गिऱ्हाईक अजून पोट बघतं, आणि नदीची मिळाली म्हणून खुशीत घरी जातं.