आमचं हॉटेल हिरवं झालं तेव्हा

स्वारगेटजवळच्या एका मध्यम हॉटेलात मी बारा वर्षं हाउसकीपिंग सांभाळलं. चादरी, टॉवेल, साबण आणि पाहुण्यांच्या तक्रारी हे माझं खातं. एकदा आमचे मालक कुठल्याशा परिषदेहून परतले आणि त्यांना पृथ्वीची काळजी वाटू लागली. तोवर फक्त विजेच्या बिलाची वाटायची.

आठवड्याभरात प्रत्येक बाथरूममध्ये हिरवं कार्ड लागलं: टॉवेल पुन्हा वापरा, पाणी वाचवा. रिसेप्शनवर बांबूची कुंडी आली. प्लास्टिकच्या बाटल्या जाऊन काचेच्या आल्या. पाण्याचा टँकर पूर्वीसारखाच दिवसातून दोनदा यायचा, फक्त आता मागच्या गेटने. आणि खोल्यांचं भाडं वाढलं. धुलाईचा खर्च कमी झाला तर भाडं का वाढलं, असं मी भाबडेपणाने विचारलं. मालक म्हणाले, पर्यावरणाची आवड असलेला माणूस घासाघीस करत नाही. ते खरं निघालं.

पृथ्वीचं भलं झाल्याचा पहिला फटका बसला आमच्या लाँड्रीवाल्या चाचांना. विश्रांतवाडीत त्यांची वडिलांपासूनची लाँड्री. आमचे टॉवेल निम्म्यावर आले तशी त्यांना कामावरची एक बाई कमी करावी लागली. ते तक्रार करायला आले नाहीत. पाहुण्यांनी अंघोळ सोडली का, एवढंच त्यांनी मला विचारलं. मी कार्ड वाचून दाखवलं.

"म्हणजे पाणी वाचलं आणि आम्ही बुडालो," ते म्हणाले.

मला हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली. ते कार्ड मीच लावलं होतं.

पुढे प्रमाणपत्रासाठी तपासणीला एक बाई आल्या. मालकांनी त्यांना कार्डं दाखवली, बांबू दाखवला, गच्चीवरची सौर पॅनल दाखवली. बाईंनी पॅनलवर बोट फिरवलं आणि बोटाकडे बराच वेळ बघितलं. खाली टँकर उभा होता. मालक म्हणाले, कधीतरी मागवतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"रोज दोनदा येतो," मी म्हणाले. कोथरूडला घरी जाताना बसमध्ये मी नवीन नोकरीचा विचार करत होते, हेही सांगून टाकते.

पण त्याआधी बाई चादरींच्या खोलीत शिरल्या होत्या. तिथे फडक्यांचे गठ्ठे आणि कापडी पिशव्या होत्या. फाटक्या चादरी आम्ही चाचांना द्यायचो आणि त्यांच्या घरच्या बायका त्यातून हे शिवून पाठवायच्या, फुकट. इतकी वर्षं आम्ही त्याला काटकसर म्हणत होतो. बाईंनी लिहून घेतलं ते वेगळंच, लांबलचक नाव होतं. अहवालात आमचं पाणी नापास झालं, वीज जेमतेम पास, आणि पिशव्यांना शाबासकी. पाणी सुधारा आणि पिशव्या चालू ठेवा, म्हणजे प्रमाणपत्र मिळेल, असा निकाल आला.

ज्या खोलीत मालकांनी इतक्या वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, तिचा फोटो हॉटेलच्या माहितीपत्रकात छापून आला. मी तो चाचांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मालकांसमोर येऊन बसले.

"इतकी वर्षं घरचं समजून दिलं," ते म्हणाले. "आता जाहिरातीत आलंय, तर धंदा म्हणून देतो."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. प्रमाणपत्र अडलेलं होतं, त्यामुळे दर ठरला. कमी केलेली बाई परत आली, यावेळी शिलाई मशीनवर. गच्चीवरची गळकी टाकीही दुरुस्त झाली आणि टँकरची एक फेरी वाचली. त्या टाकीबद्दल मी सहा वर्षं लेखी कळवत होते, पण तेव्हा ती नुसती गळत होती, पर्यावरणाची हानी करत नव्हती.

प्रमाणपत्राच्या समारंभात मालकांनी पिशव्यांची कल्पना आपल्याला कशी सुचली ते सविस्तर सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी दुसऱ्या दोन हॉटेलवाल्यांनी चाचांचा फोन नंबर मागून घेतला. मालक तेव्हा फोटो काढून घेण्यात गुंतले होते.