वनिताताईंनी वहीत लिहिलेली फवारणी

नागपूर विमानतळावर माल नेणारी गाडी पॅकहाउसच्या दारात लागली होती आणि मी वनिताताई रामटेके यांच्या वहीवर अडकलो होतो. वहीत परवाच्या तारखेला स्वच्छ लिहिलं होतं : मावा पडला म्हणून सकाळी फवारणी.

मी भेंडी निर्यात करणाऱ्या कंपनीचा फील्ड ऑफिसर. लाखनीकडच्या गावांतला माल आम्ही युरोपला पाठवतो. प्रत्येक औषधाचा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे फवारल्यावर ठरावीक दिवस तोडा करायचा नाही. ताईंनी मावा किडीवर मारलेल्या औषधाचे ते दिवस भरले नव्हते.

“ताई, मग तोडली काहून?”

“भेंडी थांबते का सायेब? दोन दिवसांत जून होते. मंग तुमीच घेत नाही.”

“मग लिहिलं कशाला?”

“जे मारलं ते लिवा, तुमीच म्हणले होते.”

मॅनेजरना फोन लावला.

“तारीख बदल ना यार! आधीच माल कमी पडून राहिला. एका बाईच्या क्रेटनं काय होते?”

होतं. सगळ्यांची भेंडी एकाच लॉटमध्ये जाते. युरोपात सँपलमध्ये औषधाचा अंश जास्त निघाला की अख्खा लॉट बाद. तरीही खोटं कशाला बोलू, मी पेन काढलं होतं.

ताईंनी ते पाहिलं. “बदलाची असन तर तुमी बदला. खाली तुमची सही करा. माह्या अक्षरात नको.”

मी पेन खिशात ठेवलं. त्यांचे क्रेट बाजूला काढले. ताईंनी ते ऑटोत घातले आणि लाखनीच्या बाजारात नेले. तिथं फवारणी कधी केली, हे कोणी विचारत नाही.

लॉट पास झाला. मॅनेजर आठवडाभर माझ्याशी तुटक बोलले.

पुढच्या तोड्याला सगळ्यांच्या वह्या तपासल्या. एकाच्याही प्लॉटवर मावा नाही, फवारणी नाही. मी वह्या मिटल्या आणि शेतात गेलो. पानं उलटली, तर मावा होता. बांधावर औषधाच्या ताज्या बाटल्याही होत्या. खरं लिहिलं की माल अडतो, एवढंच त्या दिवशी गाव माझ्याकडून शिकलं होतं.

मग नियम बदलून घेतला. फवारायच्या आधी जो फोन करेल, त्याला वेटिंग पिरियड कमी असलेलं औषध मी सांगायचं आणि पुढच्या लॉटमध्ये त्याचा माल पहिला घ्यायचा. पहिला फोन वनिताताईंचा आला. दुसरा यायला महिना लागला.

आता कोरी वही दिसली की मी आधी पानं उलटून पाहतो, झाडाची.