बासष्ट घरं गप्प

माझी मुलगी वाद्यवृंदात झांजा वाजवते असं सांगितलं की लोक जरा थांबतात आणि विचारतात, "आणि बाकी काय वाजवते?" त्यांचं काही चुकत नाही. पाऊण तासाच्या रचनेत तिच्या वाट्याला कधी तीन ठोके येतात, कधी एकच. उरलेला वेळ ती मागच्या रांगेत उभी राहून मोजते.

मोजण्याची सवय तिला पहिल्यापासूनच. जिने, खिडक्या, सिग्नलचा लाल दिवा. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. चार वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर कामावर गेली, तर म्हणाली, "बाबा, दार सात आकड्यांत बंद होतं, पण तिसऱ्या मजल्यावर नऊ लागतात." तिसऱ्या मजल्यावर खरंच बिघाड होता. तेव्हापासून घरात तिचं नाव टिकटिक.

संगीत विद्यालयात ती पियानोसाठी गेली होती. तिचे हात लहान पडले, म्हणून महिन्याभरातच तिला तालवाद्यांकडे पाठवलं. मला वाटलं, रडेल. पण पहिल्याच दिवशी घरी आली ती हसत. "आई, तिथे गप्प राहण्याचे मार्क मिळतात!"

ते गप्प राहणं मी तिच्याबरोबरच शिकले. लिहिलेल्या संगीतात उभ्या रेघा मारून घरं पाडलेली असतात, एका घरात तालाचे चार ठोके. ती मोजते ते असं: एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार. प्रत्येक वेळी पहिला आकडा म्हणजे घराचा क्रमांक. ती स्वयंपाकघरात पातेल्यांची दोन झाकणं धरून उभी राहायची आणि मी कपड्यांच्या घड्या घालता घालता बोटांच्या पेरांवर मोजायचे. ठोक्याचं घर आलं की मी मान हलवायची, ती झाकणं आपटायची. दोघी एकदम आलो की खूश. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, "तुमच्याकडे भांडी रोज पडतात का हो?"

गेल्या वर्षीच्या मैफलीत मी दुसऱ्या रांगेत बसले होते. चाळीस घरं थांबायचं होतं. पस्तिसाव्या घराच्या आसपास तिचा आकडा डळमळला असावा, कारण तिने माझ्याकडे बघितलं. मी अगदी खात्रीने मान हलवली. एक घर आधी. माझं एक पेर दोनदा मोजलं गेलं होतं. सगळा वाद्यवृंद थांबला होता, एकटी बासरी हळू आवाजात चालू होती, आणि त्यात तो धडाका झाला. शेजारच्या आजोबांच्या हातातला चष्मा पडला. पुढचे दोन महिने ती चित्रफीत विद्यालयातल्या प्रत्येकाच्या फोनवर होती. "बॉम्ब" म्हणायचे तिला. मान आईने हलवली होती, हे तिने कुणालाही सांगितलं नाही. मलाही कधी बोलली नाही.

यंदा तिला एकच ठोका दिला होता. बासष्ट घरं गप्प राहायचं आणि त्रेसष्टाव्याच्या पहिल्या ठोक्यावर झांज. तिच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा बरोबर आला तर तिसऱ्या वर्षी वाद्यवृंदात जागा, नाहीतर नाही.

आदल्या दिवशी ती बूट पुसत होती. वर न बघता म्हणाली, "आई, उद्या तू घरीच बघ ना. ऑनलाइन दाखवणार आहेत."

"आणि बाबा?"

"बाबा येऊ देत. त्यांना काही कळत नाही, ते चालतात."

"ऐकतोय मी," आतून आवाज आला. "कळत नाही म्हणे. टाळ्या सगळ्यांत मोठ्या माझ्याच असतात."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सहाला लॅपटॉप उघडून बसले. पडद्यावर रिकाम्या खुर्च्या आणि कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा, त्रेचाळीस. नवऱ्याचा मेसेज आला, "दिवे मालवले." माझ्याकडे दिवे लख्ख जळत होते. चांगलं अर्ध्या मिनिटाने ते मालवले. म्हणजे तिथे घडलेलं माझ्यापर्यंत अर्ध्या मिनिटाने पोचत होतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यालाही निदान शेळ्या वेळेवर दिसतात.

आधी पाच जण पितळी वाद्यं घेऊन आले. मग चार गिटारवाले, त्यातल्या एकाचं स्टूल शेवटपर्यंत डुगडुगत राहिलं. मग आठ जणांचं गाणं, मग क्लॅरिनेट. खाली लोक लिहीत होते, "डावीकडून तिसरा माझा भाचा." मला वाटलं, आपणही लिहावं, शेवटून पहिली माझी मुलगी. पण म्हटलं, दृष्ट लागायची.

वाद्यवृंद सगळ्यात शेवटी. कॅमेरा वरच्या गॅलरीत, एकाच जागी. टिकटिक मागच्या रांगेत होती आणि एका भल्या मोठ्या व्हायोलिनच्या मानेआड अर्धी झाकली गेली होती. रचना सुरू झाली आणि मी पेरांवर मोजायला लागले. यंदा सावकाश, प्रत्येक पेर दाबून. पंचावन्नपर्यंत आले आणि फोन वाजला. नवऱ्याचा मेसेज, "झालं! मस्त!!"

मी पेरं सोडून दिली. छातीतली हवा सुटली. एकटीच हसले. झालं म्हणजे झालं, आता नुसतं बघायचं. त्या अर्ध्या मिनिटाइतकं सुख मला गेल्या वर्षभरात मिळालेलं नाही.

पडद्यावर तिने झांजा उचलल्या. त्यांच्यावर दिवा चमकला. तिची मान जराशी वळली, दुसऱ्या रांगेकडे. सगळा वाद्यवृंद चढत चढत वर आला, त्या उंचीवर पोचला आणि पुढे निघून गेला. झांजा तशाच हवेत. मग तिने त्या हळूच खाली घेतल्या आणि छातीशी धरल्या, आवाज होऊ नये अशा.

मी लॅपटॉपला दोन्ही हातांनी धरलं होतं. "वाजव," असं मोठ्याने म्हणालेही. ज्या क्षणाला मी हे सांगत होते तो तिथे केव्हाच होऊन गेला होता.

कुणाच्या लक्षात आलं नाही. खाली टाळ्यांची चित्रं येत राहिली. फक्त समोर उभ्या राहून वाद्यवृंद चालवणाऱ्या बाईंनी एकदा मागच्या रांगेकडे बघितलं.

साडेनऊला दोघं घरी आले. "एक नंबर कार्यक्रम!" नवरा बूट काढत म्हणाला. टिकटिकने बॅग ठेवली.

"आई, बघितलंस?"

"मध्ये जरा अडकलं गं. ते नेट..."

"कुठे अडकलं?"

"साठाच्या पुढे कुठेतरी."

ती थोडी हसली. "म्हणजे मोजत होतीस."

नवऱ्याने आळीपाळीने आमच्याकडे बघितलं. "काय झालं? चुकलं का काही? मला तर चांगलं वाटलं."

"काही नाही बाबा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आकडा बरोबर होता माझा, आई. बासष्ट झाले, हे मला माहीत होतं. फक्त वाटलं, कुणीतरी हो म्हणावं. तुझ्या जागेवर बघितलं तर तिथे एक काका नाक शिंकरत होते."

तिलाच हसू आलं. मला पाणी प्यायला उठावं लागलं.

सोमवारी सरांनी तिच्या हातात अर्ज ठेवला. त्यात दोन चौकोन आहेत. एक, पुढच्या वर्षी लेखी शाखा, म्हणजे पदवी वेळेवर मिळेल, पण मंचावर पुन्हा उभं राहायचं नाही. दुसरा, तालवाद्यांचं हेच वर्ष पुन्हा, खालच्या वर्गातल्या मुलांबरोबर, आणि तरी जागेची हमी नाही. अर्ज उद्या द्यायचा आहे.

आज जेवण झाल्यावर तिने तो माझ्यासमोर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"कुठला भरू?"

"तुला काय वाटतं?"

"मला माहीत आहे मला काय वाटतं," ती म्हणाली आणि पेन दुसऱ्या चौकोनावर नेलं. टेकवलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

हो म्हणावं, तर गेल्या वर्षीचा तो धडाका. नाही म्हणावं, तर तेही माझंच. मी मान हलू दिली नाही. ती इतकी ताठ धरली की खांद्यात कळ आली. किती वेळ ते माहीत नाही, यंदा मी मोजलं नाही. शेवटी तिने टोपण लावलं. "उद्या बघू," म्हणाली आणि झोपायला गेली.

अर्ज माझ्यासमोर साखरेच्या डब्याखाली आहे. दोन्ही चौकोन कोरे. तिच्या दाराखालून अजून उजेड येतो आहे आणि आत ती गादीच्या कडेवर बोटाने ठोके देते आहे, चार, चार, चार. मला इथून ऐकू येतं.